एका कवाडाची वेस

साखरशेतच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा राहण्यासाठी मी जव्हारात खोली शोधत होते. कोणीतरी सांगितलं, "वेशीपाशी जा, तिथं एक शिंपी आहे, त्याला सगळं माहीत असतं." शिंप्याला खोलीचं माहीत होतं, पाण्याचं माहीत होतं, सकाळची एसटी नेमकी कुठं थांबते तेही माहीत होतं. मला खोली मिळाली ती त्याच्याच दुकानाच्या माडीवर. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, समोरचं घर घेतलं, निवृत्तही झाले. पण माझं बिऱ्हाड वेशीपासून वीस पावलांपलीकडं कधी गेलं नाही.

आमची वेस म्हणजे काळ्या दगडाची एक कमान. आत शिरताना दोन्ही अंगांना चौकीदारांना बसायला देवड्या. एका देवडीत आता शेंदूर लावलेला मारुती आहे आणि दुसरीत पावसाळ्याच्या दिवसांत भाजीवाली बसते. पूर्वी वेशीच्या बाहेर बैलगाड्या सुटायच्या. डोंगरातून नाचणी, मध, हिरडा घेऊन येणारी माणसं बाहेरच भाकरी खायची आणि मग आत बाजाराला यायची. दिवेलागणीनंतर दार लागायचं. गाड्या गेल्या, जीपा आल्या, पण माणसं अजून तिथंच उतरतात आणि तिथंच भाकरी सोडतात. म्हणून वेशीभोवती पिठाची गिरणी, भजीचं हॉटेल, कासाराचं दुकान आणि आमचा शिंपी, असा संसार जमला तो जमलाच.

बोहाड्याच्या, म्हणजे सोंगांच्या उत्सवाच्या, दिवसांत तर वेशीखाली उभं राहायला जागा नसते. सोंगं नाचत येतात आणि कमानीपाशी अडतात. दहा तोंडांचा रावण काही सरळ आत जात नाही, त्याला खेकड्यासारखं आडवं चालावं लागतं. तो आडवा झाला की सगळा बाजार टाळ्या पिटतो. मला वाटतं, रावणालाही ते आवडत असावं. दर वर्षी तो आधी एकदा सरळ जाऊन बघतोच.

आता कवाडाचं. या वेशीला कवाड एकच आहे, उजव्या हाताचं. सागाचं, मनगटाएवढ्या जाड फळ्यांचं, बाहेरच्या अंगाला बोटभर लांब लोखंडी खिळे ठोकलेलं. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत गेले आणि कवाडाचा खालचा भाग त्यात गाडला गेला, त्यामुळं ते भिंतीला टेकून उघडं आहे ते कायमचं. खिळ्यांवर शिंपी शिवलेली पोलकी अडकवतो, भाजीवाली आपली पिशवी अडकवते. त्या कवाडातच एक दिंडी आहे, म्हणजे मोठं दार लागलेलं असताना एकेका माणसाला वाकून आत घ्यायचं छोटं दार. सगळी वेस मोकळी असताना शाळेतली पोरं मुद्दाम त्या दिंडीतून वाकून जातात आणि पलीकडं भिंतीवर डोकं आपटून घेतात.

डावं कवाड मात्र नाही. जिथं ते फिरायचं तिथल्या दगडाला एक खळगा आहे, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेतला एक तरुण इंजिनिअर माझ्याकडं आला. साखरशेतचाच, माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला. खुर्चीवर बसायला सांगितलं तरी उभाच राहिला.

"बाई, गावातल्या जुन्या जागांना फलक लावायचेत. वेशीचा इतिहास तुम्ही लिहून द्या. दहा ओळी."

"मी कुठं इतिहासाची बाई रे? मी चौथीपर्यंत सगळंच शिकवायचे."

"आम्हाला इतिहास तुम्हीच शिकवला," तो म्हणाला.

दहा ओळींचं काम म्हणून मी हो म्हटलं आणि वही घेऊन खाली उतरले. सुरुवात शिंपीकाकांपासून केली. एव्हाना ते सत्तरीला आले होते, पण मशिनीवर रोज बसत. ते म्हणाले, "डावं कवाड गोऱ्या साहेबानं गाडीत घालून ठाण्याला नेलं. माझ्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलं." गिरणीवाला म्हणाला, "छे, होळीत जळलं." देवळातल्या गुरुजींचं म्हणणं असं, की राजेसाहेबांनी ते नाव बांधायला दिलं. जव्हारच्या डोंगरावर नाव कशाला, असं मी विचारलं तर ते म्हणाले, "तेव्हाचे लोक दूरचा विचार करायचे."

पंधरा दिवसांत माझ्या वहीत कवाड कुठं गेलं याच्या नऊ हकिगती जमल्या आणि वेशीबद्दल एकही ओळ नव्हती. प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकाचं निराळं. शिंपीकाका तर रोज संध्याकाळी वर हाक मारून विचारायचे, "लिहिलं का ठाण्याचं?"

असं चाललेलं असताना मला एका कागदावर सही घ्यायला मोखाड्याला पंचायत समितीत जावं लागलं. साहेब दुपारनंतर येणार होते. तो आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता, म्हणून मी बाजारात शिरले. दिवाळी होऊन गेलेली, नवी नाचणी आलेली. एक म्हातारी गोणपाटावर नाचणीची छोटी रास घालून बसली होती. वय ऐंशीच्या आसपास, पण आवाज खणखणीत. मी नाचणी हातात घेऊन बघितली.

"घे बाय, घरची हाय. खडा नाय," ती म्हणाली. "कुठची तू?"

"जव्हारची."

"जव्हारात कुठं?"

"वेशीपाशी. ती एका कवाडाची वेस आहे ना, तिथं."

म्हातारी हसायला लागली. शेजारच्या बाईला कोपर मारून तिनं तिच्या बोलीत काहीतरी सांगितलं, तीही हसली. मग मला म्हणाली, "दुसरं आमच्यात हाय."

"काय आहे?"

"कवाड गं. शेळ्यांच्या खोपीला लावलेलं. एवढाले खिळे हायत."

माझ्या हातातली नाचणी सांडली. गाव विचारलं तर म्हणाली, पोशेरा. मी नाचणी घेतली, दुप्पट घेतली, आणि साहेबांची सही न घेताच पुढच्या एसटीनं घरी आले. निवृत्त माणसानं इतकं उतावीळ होऊ नये, पण झाले.

शिंपीकाकांनी आधी विश्वासच ठेवला नाही. "पोशेऱ्याला? ठाणं कुठं आणि पोशेरा कुठं!" असं दोनदा म्हणाले. मग मशिनीवरून उठून त्या रिकाम्या खळग्यापाशी जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचा चेहराच पालटला होता. "बाई, आणायचं," ते म्हणाले. "आपल्या डोळ्यांसमोर बसवायचं."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. तिसरे म्हणजे आमच्या आळीतले सुतार. कवाड आपल्या पणजोबांच्या हातचं आहे असं ते सांगायचे. माणूस कमी बोलणारा, पण हत्यारांची पिशवी बरोबर घेतल्याशिवाय लग्नालाही न जाणारा. शिंपीकाकांनी नारळ घेतला, झेंडूचा चांगला जाड हार घेतला आणि एका टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं, की फोन आला की पोशेऱ्याला गाडी घेऊन यायचं. मोखाड्यापर्यंत एसटी, तिथून जीप. जीपमध्ये आम्ही तिघं मागच्या बाकावर कोंबले गेलो होतो आणि शिंपीकाका प्रत्येक वळणाला हार डोक्यावर धरत होते, चुरगळू नये म्हणून.

म्हातारीचं घर उतारावर होतं. खाली भाताची खाचरं कापून झालेली, खळ्यात पेंढ्याची उडवी. घराच्या मागं कुडाची खोपी आणि तिच्या तोंडाला ते कवाड. मी पाहिलं आणि पायच थांबले. तेच काळपट सागवान, तेच खिळे. उभं करायला खोपी पुरेशी उंच नव्हती, म्हणून घरच्यांनी खोपीचं छप्परच त्या बाजूनं उचलून घेतलं होतं. बाकी सगळी खोपी वाकडी आणि दार राजवाड्याचं. आम्ही बघत असतानाच मधली छोटी दिंडी आतून ढकलली गेली आणि एकामागून एक सहा शेळ्या त्यातून बाहेर आल्या. एकीनंही मान वाकवली नाही, दिंडी जणू त्यांच्याच मापाची होती.

शिंपीकाकांचे डोळे भरून आले. त्यांनी पुढं होऊन कवाडाला हार घातला, खिळ्यात नीट अडकवला, हात जोडले. नारळ फोडायला दगड शोधत वळले तेवढ्यात मोठ्या शेळीनं मागचे दोन पाय टेकून उभं राहून हार ओढला. काका पळत आले तोवर निम्मा हार गेला होता. म्हातारी पोट धरून हसत होती. "खाऊ दे रं," ती म्हणाली, "तिचंच तं दार हाय."

आवाज ऐकून खळ्यावरून तिचा मुलगा आला. पन्नाशीचा, अंगाला भाताचा भुसा लागलेला. आम्हाला बघून तो हसला नाही. त्याची नजर सुतारांच्या पिशवीवर होती.

"न्यायला आले का?"

शिंपीकाका म्हणाले, "दादा, हे आमच्या वेशीचं आहे. आम्ही तुम्हाला नवं दार करून देऊ. हे सुतार आहेत, चांगलं मजबूत करून देतील."

"मजबूत म्हंजे किती?" त्यानं विचारलं आणि कवाडाच्या खालच्या अंगाकडं बोट दाखवलं. फळ्यांवर नख्यांचे ओरखडे होते, एकाशेजारी एक. "बिबट्या येतो. दोनदा आला. खालच्या पाड्यावरच्या सगळ्या खोप्यांतलं काय ना काय नेलं त्यानं. आमचं एक करडू गेलं नाय. खिळ्यांवर पंजा मारला नि वरडत गेला." मग तो शिंपीकाकांकडं वळला. "तुमची वेस रोज लावता का तुम्ही?"

शिंपीकाकांनी हातातला नारळ खाली ठेवला. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून दारांना असे खिळे ठोकत, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितलं होतं. त्या खिळ्यांचा कोणाला उपयोग झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

म्हातारीनं आम्हाला अंगणात बसवलं, पाणी दिलं आणि कवाड कसं आलं ते सांगितलं. संस्थान होतं तेव्हा तिचा सासरा जव्हारला कामाला गेला होता. तरणाताठा होता. पावसात एक वेस ढासळली होती, तिचे दगड उचलायचं काम. दगड गेले, एक कवाड मोडलं, दुसरं अख्खं राहिलं. मुकादम म्हणाला, फोडून सरपण करा. सासऱ्यानं कुऱ्हाड मारली तर कुऱ्हाडीचा दांडा तुटला. तेव्हा तो म्हणाला, जे माझ्या कुऱ्हाडीला ऐकत नाय ते मला द्या.

"आठ जणांनी खांद्यावर आणलं," म्हातारी म्हणाली. "तीन दिस चालत होते. वाटंत लोकं विचारायची, कोण गेलं? हे सांगायचे, दार गेलं."

आम्ही सगळेच हसलो, मुलगासुद्धा. सुतार तेवढे हसले नाहीत. ते बराच वेळ कवाडापाशी उकिडवे बसून दिंडीची चौकट बोटांनी चाचपत होते. आता ते तिथूनच म्हणाले,

"बाई, आपल्या कवाडाला दिंडी आहे ना?"

"आहे की. पोरं जातात त्यातून."

"मग हे आपलं नाही."

"म्हणजे?"

"एका दाराला दोन दिंड्या कोण कशाला करील?"

इतकी साधी गोष्ट. मी फोनमधला आमच्या वेशीचा फोटो काढला आणि चौघांनी त्यात डोकं घातलं. दिंडी तिथं होती, जशी रोज असते तशी. शिंपीकाकांनी खिशातली टेप काढली आणि कवाडाची रुंदी मोजली. आमच्या कवाडाचं माप त्यांनी निघण्यापूर्वीच घेतलं होतं. हे चांगलं हातभर अरुंद भरलं.

"आजी," मी विचारलं, "तुमचे सासरे कुठली वेस म्हणायचे?"

"खालच्या अंगाची. पाण्याच्या वाटंवरची."

आमची वेस गावाच्या वरच्या अंगाला आहे. मी पंधरा दिवस दारोदार हिंडून कवाड कुठं गेलं ते विचारत होते, आणि वेशी किती होत्या हे एकालाही विचारलं नव्हतं. जव्हारला दुसरी वेस होती हे जव्हारात कोणाला आठवत नव्हतं. ते पोशेऱ्यात एका म्हातारीला माहीत होतं, आणि तिला ते आम्हाला माहीत नसेल असं वाटलंही नव्हतं.

मला वाटलं, शिंपीकाका आता खट्टू होतील. ते डोकं खाजवत बसले आणि एकदम म्हणाले, "आलो तेव्हा आपलं एक कवाड हरवलेलं होतं. आता कळलं, गाव एक अख्खी वेसच हरवून बसलंय. बाई, तुमच्या दहा ओळी काही पुरत नाहीत." आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवायला त्यांना मागच्या टेकाडावर चढावं लागलं, कारण फोनला रेंज तिथंच येत होती. तोवर सुतारांनी पिशवी उघडली होती. दिंडीची खालची पट्टी सैल झाली होती, ती त्यांनी ठोकून बसवली, एक वाकलेला खिळा सरळ केला. मुलगा शेजारी बसून हत्यारं हातात देत होता. मग त्यानंच आग्रह करून आम्हाला जेवायला ठेवून घेतलं. नाचणीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, खुरासणीची चटणी. शिंपीकाकांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि निघताना शेळीच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्याच दिवशी सुतार आणि मी गावाच्या खालच्या अंगाला गेलो. पाण्याकडं उतरणारी ती आळी माझ्या रोजच्या वाटेवरची नव्हती. वर्षानुवर्षं गावात राहून मी तिथं चारपाच वेळाच गेले असेन. आता तिथं दाटीनं घरं आहेत, कमानीचा मागमूस नाही. सुतार मात्र भिंती बघतच नव्हते, ते जमीन बघत चालले होते. एका घराच्या पायरीशी ते थांबले. काळा चौकोनी दगड, मधोमध गोल, गुळगुळीत खळगा. खळग्यात पाणी होतं आणि कोंबड्या ते पीत होत्या. समोरच्या घराच्या अंगणात त्याचा जोडीदार सापडला, त्यावर एक सून कपडे आपटत होती. दोन दगडांच्या मधून ती आळी जात होती. मी एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत पावलं मोजली. वेशीतून चालत होते मी, दिवसाउजेडी, आणि सुनेचे साबणाचे शिंतोडे माझ्या पातळावर उडत होते.

"काय शोधता बाई?" तिनं विचारलं.

"सापडलं," मी म्हटलं. तिला सांगितलं तर ती आपटायची थांबली आणि आत जाऊन सासूला घेऊन आली. अर्ध्या तासात सगळी आळी गोळा झाली. आपण वेशीत राहतो हे कळल्यावर त्या माणसांच्या चालण्यातच फरक पडला.

फलकाचा मजकूर मी अखेर लिहिला. दहाच्या सोळा ओळी झाल्या. इंजिनिअर म्हणाला, "बाई, पत्रा लहान आहे." मी म्हटलं, "मग अक्षर बारीक काढ, तुझं चांगलं आहे." वरच्या वेशीचं डावं कवाड कुठं गेलं ते माहीत नाही, असं मी स्पष्ट लिहिलं. शिंपीकाकांनी दोन दिवस अबोला धरला. ठाण्याचा उल्लेख हवा होता त्यांना.

फलक लावायच्या दिवशी म्हातारी आली. मुलगा तिला सकाळच्या एसटीनं घेऊन आला होता. जव्हारला ती कित्येक वर्षांत आलेली नव्हती. मी तिला खालच्या आळीत नेलं. कोंबड्यांना हाकलून तिनं खळग्यात बोटं घातली, फिरवली, आणि सासऱ्याचं नाव घेतल्यासारखं काहीतरी पुटपुटली. मग वर येऊन फलक पाहिला. वाचता येत नव्हतं, म्हणून इंजिनिअरनं तिला सगळा वाचून दाखवला, एकेक शब्द, शाळेत माझ्यासमोर वाचायचा तसा. पोशेऱ्याचं नाव आलं तेव्हा तिनं त्याला थांबवून ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

दुपारी ती शिंपीकाकांच्या दुकानात टेकली होती. काकांचा अबोला तोवर सुटलेला होता. त्यांनी तिच्याकडं बघून विचारलं, "आजी, पोलकं शिवून देऊ? गाडीला अजून दोन तास आहेत." ती नको नको म्हणत उठली, आणि उठता उठताच फडताळातल्या हिरव्या कापडावर बोट ठेवून म्हणाली, "यातलं."

काकांनी माप घेतलं, कापलं, शिवलं. म्हातारीनं आत जाऊन घालून पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं, बाह्या घट्ट. काकांनी उसवून सैल केल्या. पुन्हा घातलं, आता ठीक, पण एक बटण खाली हवं. तोवर एसटीनं हॉर्न दिला होता. मुलगा पायदानावर उभा राहून कंडक्टरला थोपवत होता, काका दातानं दोरा तोडत होते, आणि म्हातारी शांतपणे सांगत होती, "सावकाश कर बाबा. गाडी काय, उद्या बी हाय."

पण ती त्याच गाडीनं गेली. खिडकीतून तिनं हिरव्या बाहीचा हात बाहेर काढला आणि वळणापर्यंत तो तसाच ठेवला.